जुन्या बीटलचं बिल तिप्पट झालं: थांबावं, विकावं की पुढे जावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची १९६८ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसीचं इंजिन, बरीच वर्षं शेडमध्ये उभी. निळा धूर येतो, तेल गळतं आणि ब्रेक नीट लागत नाही, या तीन तक्रारी सांगून तुम्ही ती गॅरेजला दिली. त्यांनी एक आकडा सांगितला. तो आधी दीडपट झाला, मग दुप्पट. आता निरोप आलाय की दोन्ही बाजूंची हीटर चॅनल कुजली आहेत, बॉडी उचलावी लागेल, आणि ते धरून आकडा मूळ अंदाजाच्या तिपटीवर गेलाय. आतापर्यंत भरलेले पैसेच गाडीच्या बाजारभावाला टेकलेत. गॅरेजवाला फसवतोय का, पुढे जावं की गाडी विकून मोकळं व्हावं, आणि निर्णय होईपर्यंत ती थोडी थोडी चालवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतो, त्यात बीटल भरपूर आल्या. तुम्ही झालेल्या कामांची जी यादी दिली आहे ती आधी बघू: ब्रेक, पुढचं सस्पेन्शन, बरंचसं वायरिंग आणि चारही मडगार्डांचं डेंटिंग. इंजिन अजून उघडलेलंच नाही. म्हणजे तीन तक्रारींपैकी एक सुटली, दोन जशाच्या तशा आहेत, आणि जी कामं तुम्ही मागितली नव्हती ती झाली आहेत. बिल वाढण्यापेक्षा मला हे जास्त खटकलं. गाडी दुरुस्तीला गेली होती. मधेच कधीतरी तिचं रिस्टोरेशन सुरू झालं आणि तसं कुणी कुणाला सांगितलं नाही. दुरुस्तीला शेवट असतो, कारण तक्रार गेली की काम संपतं. रिस्टोरेशन कुठे थांबणार हे आधी ठरवलं नाही तर ते मालकाचे पैसे संपले की थांबतं, आणि तेव्हा गाडी बहुधा सुट्या भागांत पडलेली असते.

फसवणुकीबद्दल मला इथे बसून छातीठोक सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला लबाडीपेक्षा ढिसाळपणा जास्त दिसतो. जुन्या गाडीचा अंदाज नुसत्या नजरेने दिला की तो चुकतोच, आणि नेहमी कमीच येतो, कारण जे दिसत नाही त्याचे पैसे कुणी धरत नाही. गॅरेजवाल्यालाही काम हवं असतं, तो आशावादी आकडा सांगतो. तुम्हालाही कमीच आकडा ऐकायचा असतो. लबाड माणूस ओळखायच्या खुणा वेगळ्या: काढलेले जुने पार्ट दाखवत नाही, पार्टांची बिलं देत नाही, आणि गाडीजवळ उभं राहून "दाखवा बरं कुठे कुजलंय" म्हटलं की विषय बदलतो. तुमच्या माणसाने चॅनलचे फोटो पाठवलेत, ही त्याच्या बाजूची गोष्ट.

आता त्या चॅनलकडे येऊ, कारण सगळा निर्णय तिथेच अडलाय. बीटलच्या दाराखालचा पोकळ डबा म्हणजे हीटर चॅनल. सायलेन्सरला जोडलेल्या हीट एक्स्चेंजरमधून गरम झालेली हवा या डब्यातून पुढे पायांपाशी आणि काचेपर्यंत जाते, म्हणून हे नाव. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. बॉडीची दोन्ही बाजूंची ताकद याच डब्यात आहे, आणि बॉडी खालच्या फ्लोअर पॅनला, म्हणजे गाडीच्या तळाच्या पत्र्याला, बोल्टांच्या रांगेने बसते तीही याच्याच तळावर. दाराच्या काचेतून, खिडक्यांच्या आणि पुढच्या काचेच्या सुकलेल्या रबरांमधून पाणी आत झिरपतं. पॅन आणि बॉडी यांच्यामधली पट्टी सडली की चाकांनी उडवलेला चिखल खालून शिरतो. डबा पोकळ, त्यामुळे तो आतून कुजतो आणि बाहेर बराच काळ काही दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून फुगत फुगत बाहेर येतो, तेव्हा कुठे रंगाला पहिला फोड दिसतो. तो फोड दिसला की पलीकडचा पत्रा बहुतेक गेलेलाच असतो.

म्हणून गंजाचा अंदाज बाहेरून देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. वेल्डिंग करायला चांगला, जाड पत्रा लागतो. कुजलेल्या कडेला टाका धरत नाही, पत्रा जळून भोक मोठं होतं. त्यामुळे चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जावं लागतं. बोटाएवढ्या भोकासाठी वीतभर पत्रा कापला गेला म्हणून मालक चिडतात, पण कापणाऱ्याच्या हातात दुसरा उपाय नसतो.

तुम्ही स्वतः करू शकाल अशी एक तपासणी सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा. दार अर्धवट उघडा आणि त्याची मागची कड दोन्ही हातांनी हलकेच वर उचला. मदतीला कुणालातरी बिजागरीकडे बघायला सांगा. दार वर-खाली हलतंय पण बिजागरीच्या पिनेपाशीच हलतंय, तर पिन झिजली आहे. ते किरकोळ काम. पण पिन घट्ट आहे आणि दाराबरोबर बिजागऱ्या ज्यावर बसतात त्या खांबाचा खालचा भागच हलतोय, तर खांबाचं बूड चॅनलपासून सुटलंय. मग मागची सीट काढा आणि उजव्या बाजूला बॅटरीखालचा पत्रा बघा. बॅटरीच्या अॅसिडने तो सगळ्यात आधी जातो. पुढच्या पायपुसणीखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. ज्या कडा गुळगुळीत दिसतात तिथे लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

शेवटची जागा फ्रेम हेड, म्हणजे पॅनचं पुढचं टोक, ज्यावर पुढचा सगळा एक्सल बसतो. ही बघायला गाडी रॅम्पवर हवी. जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, कुजलेल्या गाडीखाली तर मुळीच नको. फ्रेम हेड चांगलं असेल तर गाडी वाचवण्यासारखी आहे असं मी धरतो. ते गेलं असेल, दोन्ही चॅनल गेली असतील आणि खांबांची बुडंही गेली असतील, तर त्या कामाला दुरुस्ती न म्हणता नवी गाडी बांधणं म्हणावं. मग दुसरी चांगली बॉडी किंवा दुसरं चांगलं पॅन मिळतंय का हे बघणं जास्त शहाणपणाचं. फक्त एक लक्षात ठेवा: बीटलचा चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर (गाडीच्या मधोमध लांबीने जाणारा पोकळ उंचवटा) ठोकलेला असतो, म्हणजे पॅनवर. पॅन बदललं की गाडीची कागदोपत्री ओळखच बदलते. तुमच्याकडचे नियम काय सांगतात ते आधी विचारा, कापाकापी नंतर.

चॅनल बदलायची ठरली तर गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: "कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकणार ना?" चॅनल कापलं की बॉडीच्या त्या बाजूला आधार उरत नाही. चौकटीत तात्पुरता पाइप वेल्ड करून माप पकडून ठेवलं नाही, किंवा दोन्ही बाजू एकदम कापल्या, तर बॉडी काही मिलिमीटरने बसते. नवी चॅनल लागतात, रंग होतो, आणि शेवटी दार लागत नाही. मग दार ठोकून बसवतात, काचेची चौकट वाकवतात, आणि ती गाडी आयुष्यभर तशीच राहते. या प्रश्नावर त्याने "अर्थात, आणि एका वेळी एकच बाजू, दारं लावून बघत बघत" असं उत्तर दिलं तर माणूस जाणकार आहे. "त्याची काही गरज नाही" म्हणाला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या, भले अर्धवट झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागले तरी.

बिल फुगण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे एक वाक्य, जे प्रत्येक गॅरेजमध्ये रोज बोललं जातं: "उघडलंच आहे तर हेही करून टाकू." हे वाक्य कधी पूर्ण खरं असतं आणि कधी पूर्ण खोटं. फरक ओळखायला मी एकच विचारतो: हे काम नंतर केलं तर तीच उघडझाप पुन्हा करावी लागेल का, आणि ती उघडझाप महाग आहे का?

बीटलमध्ये बॉडी उचलणं महाग आहे. वायरिंग, स्टिअरिंग, पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, सगळं सोडवावं लागतं. त्यामुळे बॉडी वर असताना ब्रेकच्या लोखंडी नळ्या, बोगद्यातून पुढच्या टाकीकडून मागे इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी आणि पॅनचा गंज ही कामं आत्ताच करा. तिथे गॅरेजवाला बरोबर आहे. उलट बीटलचं इंजिन उतरवणं स्वस्त आहे. चार ठिकाणचे बोल्ट-नट, वायरी, अॅक्सिलरेटरची केबल, पेट्रोलचा पाइप, हीटरच्या केबली. सराव असलेला माणूस तासाभरात इंजिन खाली ठेवतो. म्हणून "इंजिन उतरलंच आहे तर पूर्ण ओव्हरहॉल करून टाकू" हे बीटलच्या बाबतीत कारण होत नाही. क्लचप्लेट बघा, फ्लायव्हीलमागचं ऑइल सील बदला, तेवढं पुरे. बाकीचं दोन वर्षांनी लागलं तर इंजिन पुन्हा उतरवता येतं. दुसऱ्या एखाद्या गाडीत, जिथे इंजिन काढायला दिवस जातो, मी याच्या उलट सल्ला देईन.

सस्पेन्शन आणि मडगार्ड या दोन कामांना ही कसोटी लावून बघा. सस्पेन्शनचं मी समजू शकतो, ब्रेकसाठी चाकं-ड्रम काढले की बॉल जॉइंटचा (चाक आणि सस्पेन्शन जोडणाऱ्या सांध्याचा) खेळ डोळ्यांना दिसतो आणि तो सुरक्षिततेचा मुद्दा आहे. मडगार्डांचं मात्र काही कळलं नाही. बीटलची मडगार्डं बोल्टांवर असतात, वाटेल तेव्हा काढता-घालता येतात. चॅनल कुजलेली असताना मडगार्ड ठोकून प्रायमर मारणं म्हणजे काम चुकीच्या टोकाकडून सुरू करणं. वेल्डिंग होईल, बॉडी खाली बसेल, दारं जुळतील, आणि मग ती मडगार्डं पुन्हा जुळवावी लागतील. ते पैसे दुसऱ्यांदा मागितले तर देऊ नका.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे धूर आणि तेलाकडे. इथे चांगली बातमी असण्याची शक्यता आहे. इंजिन बंद ठेवा, मागचं झाकण उघडा, आणि पट्टा ज्यावर फिरतो ती खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरा. फिरवू नका, सरळ स्वतःकडे ओढा आणि परत आत ढकला. काहीच जाणवलं नाही तर उत्तम. स्पष्ट "टक्-टक्" जाणवलं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पुढे-मागे सरकतोय. हा खेळ ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असायला हवा, ०.१५ च्या पुढे गेला की मर्यादा ओलांडली. नेमकं माप डायल गेजने घेतात, पण हाताला ठळक जाणवणारा खेळ बहुधा मर्यादेबाहेरचाच असतो. खेळ जास्त म्हणजे केसचं (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचं) आणि मेन बेअरिंगचं काम, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. खेळ नसेल तर धुराचं कारण वरच्या भागात शोधा, आणि तिथे बीटल मालकावर मेहेरबान आहे. हिचे चारही सिलिंडर सुटे असतात. पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरचा चौघांचा संच तयार मिळतो, ब्लॉक लेथवर नेऊन बोअर मारायची भानगड नाही.

संच मागवायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायला आणि त्यानंतर लीकेज टेस्ट करायला सांगा. बरेच मेकॅनिक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून कॉम्प्रेशन पुन्हा मोजतात. वाढलं तर रिंगा गेल्या म्हणतात. उभ्या इंजिनात हे चालतं. बीटलचे सिलिंडर आडवे, तेल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगेभोवती सारखं पसरत नाही, म्हणून त्या आकड्यावर माझा भरवसा नसतो. लीकेज टेस्टमध्ये कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये सोडतात आणि ती कुठून सुटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. तीन नंबरच्या सिलिंडरचा निकाल वाईट आला तर दचकू नका. या वर्षांच्या इंजिनात ऑइल कूलर फॅनच्या झाकणाच्या आतच, त्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा आहे. तो सिलिंडर कायम जास्त तापतो. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला हलवला तो याचसाठी.

तेलगळतीचंही तसंच. हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि केसच्या मध्ये खालच्या बाजूला पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्यांच्या, पत्र्याच्या नळ्या आहेत, त्यांची रबरी सील वाळली की थेंब थेंब गळत राहतं. मूळ नळ्या बदलायला हेड उतरवावं लागतं, पण लांबी कमी-जास्त होणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या हेड न काढता बसतात. "तेल गळतंय म्हणजे इंजिन गेलं" असं कुणी म्हणालं तर आधी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि डाग नेमका कुठे पडतो ते बघा.

पार्टांच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बीटलच्या २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. शेवटची मेक्सिकोत प्वेब्ला इथे ३० जुलै २००३ ला बाहेर पडली. एवढ्या गाड्या असल्यामुळे चॅनलपासून खिडकीच्या रबरापर्यंत सगळं आजही कुणी ना कुणी बनवतं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या काही गाड्यांची तर अख्खी नवी बॉडी १९८८ पासून पुन्हा बनते आहे. ज्या गाड्या मोजक्याच बनल्या त्यांच्या मालकांना एकेक दिवा, एकेक हँडल हाताने घडवून घ्यावं लागतं, आणि तिथे बिलाला खरोखर शेंडा-बुडखा राहत नाही. पण पार्ट मिळतो म्हणजे तो बसतो असं नाही. स्वस्तातली चॅनल पातळ पत्र्याची असतात, भोकं जुळत नाहीत, आणि ती जुळवण्यात वेल्डरचे दोन दिवस जातात. इथे सोन्यापेक्षा घडणावळ जड. म्हणून चॅनल घेताना महागातली घ्या. रबरं आणि ब्रेकचे पार्टही चांगल्याच कंपनीचे घ्या. कार्पेट, ट्रिम, बंपर यांत वाटेल तेवढी काटकसर करा, कुणाचा जीव जाणार नाही.

मग पुढे जायचं की नाही? आतापर्यंत भरलेले पैसे या हिशोबातून बाहेर ठेवा. ते पुढे गेलात तरी गेले, थांबलात तरी गेले. आज विचार फक्त दोन आकड्यांचा करायचा: इथून गाडी चालती आणि सुरक्षित करायला अजून किती लागेल, आणि त्या पैशांत तुम्हाला दुसरी, चालती, न कुजलेली बीटल मिळेल का. व्यवहार म्हणून बघितलं तर दुसरी गाडी घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. चांगली गाडी विकत घेणारा आधीच्या मालकाने केलेल्या खर्चाचा छोटासा भागच मोजतो. रिस्टोरेशनचा खर्च विक्रीत परत येतो हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं खोटं आहे. दुर्मीळ गाड्या सोडल्या तर तसं होत नाही, आणि बीटल दुर्मीळ नाही.

पण तुम्ही लिहिलंय, "बाबा मला याच गाडीतून शाळेत सोडायचे." त्याला दुसरी बीटल पर्याय नाही, हे मलाही कळतं. फक्त ते हिशोबात उघडपणे मांडा. या आठवणीसाठी बाजारभावाच्या वर किती खर्च करायला मी तयार आहे, हा आकडा एका कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा आणि मग गॅरेजला जा. आकडा मोठा असला तरी हरकत नाही, पण तो आधी ठरलेला हवा.

हे सगळं फ्रेम हेडच्या तपासणीवर अवलंबून आहे. ते चांगलं निघालं तर तुमच्या जागी मी असं करेन. गाडी शोरूमसारखी करायचा विचार सोडून द्यायचा आणि गाडी धडधाकट करायची. दोन्ही चॅनल, बॅटरीखालचा पत्रा, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी. इंजिनाचं वर सांगितल्याप्रमाणे तपासून, जे निघेल तेवढंच. जिथे वेल्डिंग झालं तिथे प्रायमर, गंजरोधक आणि पोकळीत मेणाचा फवारा, बस. रंग करायचाच नाही, निदान दोन वर्षं तरी. जुन्या गाडीच्या रंगात पैसा रंगाला लागत नाही, खालच्या घासाघाशीला लागतो, आणि तिथे "अजून थोडं" म्हणायला कुणालाच अंत नाही. शिवाय गाडी वर्षभर चालली की नवीन वेल्डिंग कुठे तडकतंय, दार कुठे घासतंय ते कळतं. ते रंगाच्या आधी कळलेलं बरं.

फ्रेम हेड गेलेलं असेल आणि तुमचा कागदावरचा आकडा लहान असेल, तर गाडी जशी आहे तशी, जोडलेल्या अवस्थेत विका. बॉडी उचलू देऊ नका. जोडलेली कुजकी बीटल विकली जाते. खोक्यांमध्ये भरलेली बीटल घ्यायला कुणी येत नाही, आला तर भंगाराचा भाव सांगतो, कारण कुठला बोल्ट कुठला हे उतरवणाऱ्यालाच माहीत असतं.

गॅरेजशी आता नव्याने बोलणी करा, भांडण न करता. पूर्ण गाडीचं एक कोटेशन मागू नका, ते पुन्हा खोटंच निघेल. काम टप्प्यांत तोडा. पहिला टप्पा फक्त तपासणी: रॅम्पवर घेऊन टोकरणं, पुलीचा खेळ, लीकेज टेस्ट, फोटो. त्याचे वेगळे पैसे द्या, खळखळ न करता द्या. गाडीवर तुम्ही केलेला हा सगळ्यात वसूल खर्च असेल. पुढच्या प्रत्येक टप्प्याला वरची मर्यादा लिहून घ्या, आणि मर्यादेच्या आत संपत नाही असं दिसलं की हात थांबवून फोन करायचा, हेही लिहून घ्या. मजुरी तासांवर असेल तर आठवड्याला तासांचा हिशोब मागा. पार्ट तुमच्या नावाच्या बिलावर घ्या, जुने परत मागा. अॅडव्हान्स चालू टप्प्याचाच द्या, पुढच्याचा नाही. सीटा, कार्पेट, ट्रिम तुम्ही स्वतः काढून, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून घरी नेलंत तर मजुरीही वाचेल आणि वस्तूही. वेल्डिंग, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळीला मात्र स्वतः हात लावू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, तोवर चालवू का. नको. चॅनल कुजलेली असताना बाजूने धडक बसली तर मध्ये काही नाही. त्याहून मोठी भीती आगीची. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की तडकतात. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. बीटलच्या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, ती पेटली की पाण्याने आटोक्यात येत नाही. नळीचे ते तुकडे आणि क्लिपा आजच बदलून घ्या, गाडी उभी राहणार असली तरी. बॅटरी सोडवून ठेवा, कारण मागच्या सीटखाली तिच्यावरचं झाकण नसेल तर माणूस बसल्यावर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकतात. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकशू ड्रमला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. आणि निर्णय व्हायला दोन-तीन महिने लागणार असतील तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्या.

तपासणी झाली की फ्रेम हेडचे आणि खांबांच्या बुडांचे फोटो टाका, आणि पुलीचा खेळ किती भरला तेही लिहा. मग चॅनलच्या कामाला साधारण किती तास लागायला हवेत ते मी सांगू शकेन.